अद्भुताचा कायदा आणि पडद्याचा अखत्यार

एखादी प्रिय अद्भुतरम्य कादंबरी पडद्यावर आली, म्हणजे चित्रगृहाच्या पायऱ्या उतरणाऱ्या वाचकाच्या तोंडून जो पहिला अभिप्राय निघतो तो बहुधा फिर्यादीच्या स्वरूपाचा असतो: अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्राचे वय वाढवले, शेवट तर पार बदलून टाकला. ही फिर्याद पोरकट म्हणून खारीज करणारे टीकाकार पुष्कळ आहेत. मला मात्र ती दखलपात्र वाटते. सामाजिक कादंबरी वाचताना वाचकाजवळ त्याच्या अनुभवातील घरे, रस्ते आणि माणसे आधीपासूनच असतात, आणि लेखकाने न सांगितलेले तो त्या संचयातून भरून काढतो. परंतु जे जग लेखकाच्या शब्दांखेरीज अन्यत्र कोठेच नाही, ते मनात उभारताना वाचकाने स्वतः श्रम केलेले असतात, आणि त्या श्रमांमुळे त्या जगावर त्याचा एक प्रकारचा वहिवाटीचा हक्क निर्माण झालेला असतो. चित्रपट त्या हक्कात हात घालतो. तेव्हा दिग्दर्शकाचा अखत्यार कोठपर्यंत, आणि कोणत्या हद्दीपलीकडे त्याने पाऊल टाकू नये, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वाचकाला आहेच.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात हा प्रश्न जितका जिव्हाळ्याचा आहे तितका तो पुण्या-मुंबईतही नसेल, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे या भूमीच्या वाङ्मयीन इतिहासात आहेत. ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा ओनामा करणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून पुस्तके देत आले आहे. सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरने मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले, तर चिकोडी तालुक्यातील एकसंब्याने मराठी कथेला जी. ए. कुलकर्णी दिले. निपाणीच्या उत्तरेस काही कोसांवर असलेल्या कोल्हापुरात मराठी चित्रपटाचे बालपण गेले, आणि दक्षिणेकडून धारवाड-हुबळीची कन्नड रंगभूमी व चित्रसृष्टी या पट्ट्यात निर्वेध येत-जात राहिली. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, आणि गावचा बाजार कर्नाटकात, ही येथील नित्याची स्थिती. ज्या प्रदेशात एकच गोष्ट आजी एका भाषेत सांगते आणि शेजारीण दुसऱ्या भाषेत, त्या प्रदेशातील माणसाला गोष्ट एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिच्यातले काय टिकते आणि काय गळते याची समज पुस्तकांच्या आधीच आलेली असते.

प्रथम किर्लोस्करांकडेच वळू, कारण त्यांच्या हातून जे घडले ते या चर्चेतील सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण आहे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. तो भर सभेत, सर्व काही आठवत असताना, तिला ओळखण्याचे नाकारतो, आणि आकाशवाणीने साक्ष दिल्यावरच तिचा स्वीकार करतो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप आणला, मुद्रिका आणली, ती गिळणारा मासा आणि तो पकडणारा धीवर आणला, आणि लोकापवादाच्या भयाने पत्नीला झिडकारणाऱ्या राजाची गोष्ट स्मृती हरवलेल्या प्रियकराची गोष्ट करून टाकली. आजच्या मापाने पाहिले तर मूळ संहितेत याहून मोठा फेरफार शोधून सापडणार नाही. तरीही कालिदासाला कोणी बेइमान म्हटले नाही, कारण त्याने नवा कायदा आणला तो पूर्णपणे पाळला: शाप दिला गेला, त्याला उःशाप जोडला गेला, अंगठी हरवली तेव्हा स्मृती गेली आणि अंगठी मिळाली त्या क्षणी स्मृती परतली, मधल्या काळात शकुंतलेच्या अश्रूंनी, कण्वशिष्यांच्या संतापाने वा राजाच्या स्वतःच्या अस्वस्थतेने तो शाप तसूभरही ढळला नाही.

किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांनी कालिदासाचा हा कायदा बरहुकूम पाळला, परंतु संस्कृत श्लोकांच्या जागी मराठी पदे घातली, आणि त्या पदांच्या चालींत कर्नाटकी वळणे आली. लहानपणापासून कानांवर पडलेल्या कन्नड गाण्यांचे ते ऋण होते. कोल्हापुरात वाढलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४३ मध्ये ‘शकुंतला’ पडद्यावर आणली, ती या साखळीतील पुढची कडी. व्यास, कालिदास, किर्लोस्कर, शांताराम: चारही ठिकाणी वेष निराळा, स्वर निराळा. जेथे कथेचा अंतर्गत न्याय बदलला तेथे नवी कृती जन्मली. जेथे तो राखला गेला तेथे जुनी कृती नव्या देहात पुढे चालली. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, चित्रपटाने कादंबरीतील प्रसंगांशी किती इमान राखले याची मोजदाद व्यर्थ आहे. त्याने त्या जगाच्या कायद्याशी इमान राखले की नाही, आणि ज्या बोलीत ते जग श्वास घेते तिच्याशी राखले की नाही, एवढेच पाहावे.

हा कायदा म्हणजे काय, ते बेळगावशीच जडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीवरून स्पष्ट होईल. १९५० च्या दशकात ए. के. रामानुजन बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असत, आणि पुढे शिकागोला जाऊन जगन्मान्य झालेल्या या विद्वानाने आयुष्यभर कन्नड लोककथा जमवल्या. त्यांच्या संग्रहातील एका कथेत गरीब घरची मुलगी फुलांचे झाड होते. तिच्या अंगावर एका घागरीतील पाणी ओतले की ती झाड होते. दुसऱ्या घागरीतील पाणी ओतले की पुन्हा माणूस होते. मधल्या वेळात फुले अलगद वेचावयाची, मात्र एकही डहाळी मोडता कामा नये, पानाला नखसुद्धा लागता कामा नये. या अटीतच सारी गोष्ट आहे. उतावीळ नणंद फांद्या ओरबाडते आणि दुसरी घागर निष्काळजीपणे ओतली जाते, तेव्हा हातपाय तुटलेला, धड झाड नव्हे आणि धड मनुष्य नव्हे असा देह मागे उरतो. येथे अद्भुत हे मनाला येईल ते करण्याची मुभा देत नाही. उलट ते नित्याच्या जगाहून अधिक कठोर अशी कबुलायत लिहून घेते, आणि ती मोडणाऱ्याच्या हातून जी हानी होते तिला कोणाची रदबदली चालत नाही.

गिरीश कर्नाडांनी या कथेवर ‘चेलुवी’ हा चित्रपट १९९२ मध्ये केला आणि त्यात आपल्या पुण्याची सोनाली कुलकर्णी पहिल्यांदा पडद्यावर आली. लोककथेत अखेर त्या मुलीला तिचे पूर्ण रूप परत मिळते. कर्नाडांनी तो सुखान्त घेतला नाही आणि कथेला वृक्षतोडीच्या दिशेने वळवले. प्रसंगनिष्ठ वाचक येथे नाराज होईल. माझ्या दृष्टीने मात्र हा शेवट मूळ कायद्याचेच कठोर पालन आहे: डहाळी मोडू नये ही अट ज्या गावाने धुडकावली त्या गावाला क्षमा मिळत नाही, आणि तोडलेले परत जोडावयाचे तर ज्या अरण्यात शोधावे ते अरण्यच उरलेले नाही. कर्नाडांनी घटना बदलली, न्याय राखला. रामानुजन यांच्याकडूनच ऐकलेल्या लोककथांतून त्यांनी ‘नागमंडल’ हे नाटक घडवले होते, आणि नाग पतीचे रूप घेऊन रात्री येतो या एका गृहीतावर सगळे दांपत्यजीवन तोलून धरताना त्या गृहीताला ते कोठेही बगल देत नाहीत. त्यामुळे ‘चेलुवी’त त्यांचा हात निश्चित राहिला याचे मला नवल वाटत नाही.

याच्या उलट उदाहरण विजयदान देथांच्या राजस्थानी कथेचे. व्यापारासाठी दूर गेलेल्या नवऱ्याचे रूप घेऊन एक भूत त्याच्या पत्नीबरोबर राहू लागते, खरा नवरा परत येतो, आणि एक धनगर युक्तीने भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो. मणी कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ केला तेव्हा तो बंदिवास त्यांनी बंदिवासच ठेवला, आणि ज्या स्त्रीला कोणी काही विचारलेच नाही तिच्या मौनावर चित्रपट सोडून दिला. अमोल पालेकरांनी २००५ मध्ये त्याच कथेवर ‘पहेली’ केला. त्यात भूत पिशवीतून सुटून नवऱ्याच्याच देहात वास करते आणि प्रेमाचा विजय होतो. पालेकरांच्या अभिरुचीविषयी मला नितांत आदर आहे, आणि ‘पहेली’तील रंग व पोशाख डोळ्यांचे पारणे फेडतात, परंतु जी पिशवी भुताला कोंडू शकते असे कथेने एकदा ठरवले, तिच्यातून प्रेक्षकांच्या समाधानासाठी त्याला बाहेर काढणे म्हणजे न्यायाधीशाने निकाल दिल्यावर तो फिरवणे होय. प्रसंगांची जुळणी दोन्ही चित्रपटांत जवळजवळ सारखी आहे. निष्ठा एकातच आहे.

मराठीत अद्भुताची परंपरा तोकडी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, आणि नाथमाधवांचे ‘वीरधवल’ तर आमच्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचलेले. कल्पित राज्यांच्या या आवडीचा चित्रपटाने लवकरच लाभ घेतला. ‘प्रभात’ या चित्रसंस्थेने कोल्हापूर सोडून पुण्यास आल्यावर जो पहिला चित्रपट काढला तो १९३४ चा ‘अमृतमंथन’, आणि त्याचा आधार होता नारायण हरी आपटे यांची ‘भाग्यश्री’ ही कादंबरी. बळीची प्रथा बंद करणारा राजा आणि तिच्यासाठी हत्येचा कट रचणारा राजगुरू, यांचा तो संघर्ष. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी राजगुरू उभा केला, आणि शांताराम यांनी त्याचा एकच डोळा संपूर्ण पडदाभर दाखवला. कादंबरीकाराला राजगुरूची धर्मांधता पृष्ठेच्या पृष्ठे वर्णावी लागते. येथे त्या बुबुळाच्या हालचालीने ती एका क्षणात अंगावर येते. गाळण्याचा अधिकार पडद्याला कोठून मिळतो याचे उत्तर मला त्या डोळ्यात दिसते: जेवढे गाळले तेवढ्याचे वजन जो एका प्रतिमेत परत देऊ शकतो, त्याला गाळण्याची सनद आहे.

गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला तेव्हाही हेच घडले. ठाकरांच्या वस्तीतील नाग्या, त्याची पुण्यवंत होण्याची आस, लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी आणि तिच्याशी त्याने मांडलेले वैर, हे सारे गद्यात होते, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी ते गाण्यांत ओतले. दांडेकरांच्या पानांपैकी किती पाने पडद्यावर आली याचा हिशेब करणारा वाचक मला तरी भेटलेला नाही, कारण मधमाशी ही देवाची राखणदार आहे हा त्या डोंगराचा कायदा चित्रपटात अबाधित राहिला. शहरी प्रेक्षकासाठी त्या श्रद्धेचे स्पष्टीकरण देण्याचा मोह पटेलांनी टाळला, आणि नायिका चिंधीच्या मृत्यूपर्यंत तो टाळला, हे त्यांचे सर्वांत मोठे इमान.

आता ‘तुंबाड’. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रगृहांत येऊन नव्याने गर्दी खेचणारा हा चित्रपट या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देणारे. बीज नारायण धारपांच्या कथेचे, ज्या कथेला पुन्हा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या एका कथेचा आधार. आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. बर्वे यांनी ती गोष्ट प्रथम वाचली नव्हती. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती. घरात एकटे राहिलेले मूल आणि अंथरुणावरची भयंकर म्हातारी, एवढा धारपांचा ऐवज चित्रपटाच्या प्रारंभी येतो, आणि पुढे चित्रपट स्वतःची पुराणकथा रचतो. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने सोने लुटले पण धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याला अडवले. म्हणून त्याच्यापाशी सुवर्ण अगणित आणि भूक अनंत. त्याला भुलवायचे ते पिठाच्या बाहुलीने, स्वतःला वाचवायचे ते पिठाच्या रिंगणात राहून, आणि तो बाहुली खाण्यात गुंतला असताना त्याच्या कटिवस्त्रातून पडतील तेवढ्या मोहरा उचलून दोराने वर चढायचे.

या नियमांकडे बारकाईने पाहावे. देव अन्नाला वंचित झाला, तर त्याच्या लेखी सर्वांत मोलाची वस्तू पीठच असणार. आणि माणूस सोन्याला हपापलेला, म्हणून तो घरचे पीठ देऊन परक्याचे सोने आणणार. लोभाचा सगळा अर्थव्यवहार त्या एका मूठभर कणकेत आला. आणि शेवटचा अनर्थ बाहेरून येत नाही: एका बाहुलीने एक हस्तर येतो, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या म्हणजे सगळे वस्त्रच पळवता येईल अशी तजवीज कथानायक विनायकरावाचा मुलगा काढतो, आणि खाली जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. नियम कोणीही बदलला नाही. माणसांनी तो आपल्या लोभाच्या सोयीने वाचला, एवढेच. धारपांच्या कथेशी प्रसंगांचे इमान मोजले तर ‘तुंबाड’ला फार थोडे गुण पडतील, अद्भुताच्या धर्माशी त्याने जे इमान राखले आहे त्याला मात्र मराठी मातीतून उगवलेल्या चित्रपटांत तोड नाही. पावसाने कुजणारा तो वाडा, ते सोवळे, ती काळोखी माजघरे, सर्व कोकणातले. एकच गोष्ट परकी राहिली, ती माणसांची भाषा. त्याकडे मी पुढे येतो.

परदेशी उदाहरणांत फार काळ रेंगाळण्याचे कारण नाही. बॉमच्या १९०० सालच्या ओझच्या कथेतील मुलगी त्या देशात खरोखर जाते. १९३९ च्या चित्रपटाने तो सगळा प्रवास स्वप्न ठरवला, आणि गाणी व रंग कितीही मोहक असले तरी अद्भुताला असे स्वप्नाच्या खात्यावर मांडून मोकळे होणे ही मला त्याची अप्रतिष्ठा वाटते. टोल्किनची मुद्रिकात्रयी, जी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली, तिच्यावर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट केले. टॉम बॉम्बाडिल हे पात्र त्यांनी समूळ वगळले, कथानायक घरी परतल्यावर गावातच घडणारा शेवटचा संघर्ष वगळला, आणि तरीही मुद्रिकेचा कायदा, म्हणजे चांगल्या हेतूनेही ती वापरता येत नाही हा दंडक, त्यांनी इतका चोख पाळला की त्या गाळणीची खंत मला वाटत नाही. खंत वाटते ती फॅरामीरची. कादंबरीत हा सेनानी मुद्रिकेचा मोह प्रथमपासून दूर सारतो. चित्रपटात तो मुद्रिकाधारकाला बंदी करून आपल्या नगराकडे नेऊ लागतो. मुद्रिकेचा धाक प्रेक्षकाच्या मनात कायम राहावा ही त्यामागची सबब, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. परंतु सत्ता समोर आली असताना तिला स्पर्शही न करणारा एक मनुष्य त्या जगात होता, आणि तो गेल्याने ते जग गरीब झाले. पुढे त्याच दिग्दर्शकाने ‘हॉबिट’ या आटोपशीर बालकादंबरीचे तीन प्रदीर्घ चित्रपट केले, तेव्हा एकही पान न गाळताही पुस्तक कसे हरवू शकते याचा पुरावाच हाती आला.

या चित्रपटांच्या संदर्भात सीमाभागाची एक विशेष अडचण सांगितली पाहिजे. कन्नड चित्रव्यवसायाने परभाषी चित्रपटांचे कन्नड ध्वनिमुद्रण अनेक दशके होऊ दिले नाही. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या मनाईविरुद्ध निर्णय दिला. मराठीत तर असे ध्वनिमुद्रण क्वचितच होई. परिणामी बेळगावच्या ‘ग्लोब’ किंवा ‘प्रकाश’मध्ये जादूगार, राक्षस आणि उडते घोडे पाहणाऱ्या मुलांनी, त्यांची घरची बोली मराठी असो वा कन्नड, अद्भुताला नेहमी हिंदीत वा इंग्रजीतच बोलताना ऐकले. मग आपल्या मातीतील अद्भुत पडद्यावर आले तेव्हाही बहुधा तसेच झाले: ‘चेलुवी’ हिंदीत, ‘तुंबाड’ हिंदीत, इतकेच काय, जी. एं.च्या वास्तव वळणाच्या ‘कैरी’वर पालेकरांनी २००० मध्ये केलेला चित्रपटही हिंदीत. पैशाचे गणित मला कळते, आणि ‘तुंबाड’ मराठीत झाला असता तर त्यासाठी एवढे द्रव्य उभे राहिले असते का, हा प्रश्न रास्तच आहे. पण प्रसंगांच्या फेरफाराविषयी एवढ्या तावातावाने बोलणारा वाचक भाषेच्या या फेरफाराविषयी मूग गिळून बसतो, हे मला उलटे वाटते. माजघरातली म्हातारी ज्या मराठीत शिव्याशाप देते त्या मराठीतच तिचा दरारा आहे.

म्हणूनच ‘लंपन’ची गोष्ट मला इतकी मोलाची वाटते. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतील हा मुलगा आजी-आजोबांकडे राहायला आलेला. त्याच्या गावाचे नाव पुस्तकात नसले तरी आम्हा बेळगावकरांना ते सांगावे लागत नाही. लंपनच्या जगात राक्षस नाहीत, शापही नाहीत, पण त्याच्या डोक्यात जे चालते ते कोणत्याही अद्भुत कादंबरीहून कमी नाही: झाडे, रेल्वेचे रूळ, शेजारची सुमी, शाळेतले सर, हे सारे त्याच्या मनात शिरताच आपले आकारमान बदलते, साध्या संख्यांचे अवाढव्य आकडे होतात, आणि कन्नडच्या वळणाने जाणारी, हेल काढणारी मराठी त्या सगळ्याला एक स्वतंत्र व्याकरण देते. हे व्याकरण हाच त्या जगाचा कायदा. निपुण धर्माधिकारी यांनी २०२४ मध्ये त्यावर जी मालिका केली, आणि जिला त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला, ती पाहायला आमच्याकडचे वाचक धास्तावल्या मनाने बसले होते, आणि ते स्वाभाविक होते. ज्या मुलाला प्रत्येकाने आपल्या मनात वाढवलेले त्याला एकच चेहरा मिळणार होता.

मालिकेने कथांचा क्रम बदलला, सांधे नव्याने जुळवले, आणि त्यात काही गैर झाले असे मला वाटत नाही. मिहीर गोडबोले या मुलाच्या चेहऱ्यावरचे कुतूहल अस्सल आहे. गीतांजली कुलकर्णी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी उभी केलेली आजी-आजोबांची जोडी पाहताना घरातल्या माणसांची आठवण व्हावी, इतकी ती सहज आहे. जेथे उणीव जाणवते ती वेगळ्या ठिकाणी: पुस्तकात लंपन एखाद्या क्षुल्लक वस्तूकडे पाहता पाहता स्वतःशीच जी लांबच लांब बडबड करतो, तिच्यातून ती वस्तू वाचकासमोर घडत जाते, पडद्यावर ती वस्तू आधीच तयार असते, आणि तिच्याविषयी बोलायला फारसे उरत नाही. दृश्यमाध्यमाची ही मर्यादा आहे, दिग्दर्शकाचा दोष नव्हे. तरीही मराठीत केलेल्या या प्रयत्नाने बोलीशी इमान राखणे म्हणजे काय याचा धडा घालून दिला, आणि तो धडा हिंदीतल्या पुष्कळ मोठ्या चित्रपटांना देता आलेला नाही. ‘फास्टर फेणे’च्या २०१७ च्या चित्रपटात फुरसुंगीच्या पोराला तरुण करून टाकले गेले, आणि त्याचे जनक भा. रा. भागवत यांना दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने पात्र म्हणून आणून त्याची भरपाई करण्याचा हृद्य यत्न झाला. तरी ज्याचे सगळे साहस बालवयाच्या निर्धास्तपणावर उभे होते त्याला वय देणे हे मला कायद्याचेच उल्लंघन वाटते, ‘लंपन’ने जे कटाक्षाने टाळले.

या सगळ्या आढाव्यात एक नाव आतापर्यंत ओझरते आले, आणि ते मुद्दामच शेवटी ठेवले. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडला जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे इंग्रजी शिकवले, आणि ‘काजळमाया’तील ‘विदूषक’, ‘रमलखुणा’तील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत त्यांनी मराठीला असा प्रदेश दिला जो कोणत्याही नकाशावर नाही: नावगाव नसलेले काळ, वाळवंटे, राजदरबार, मंदिरे, भविष्य सांगणारे आणि भविष्याला भिणारे पथिक. चित्रपटाने मात्र त्यांच्या वास्तव वळणाच्या ‘कैरी’कडे जाणे पसंत केले, आणि या कल्पित प्रदेशाकडे पाठ फिरवली. हे का घडले हे समजते: त्या कथांत कृती थोडी, संवाद दीर्घ, आणि अर्थ प्रत्येक वाक्याच्या तळाशी.

असे असूनही कोणी त्यांना हात घालणार असेल, तर त्याला मोकळीक पुष्कळ द्यावी असे मी म्हणेन. त्याने ‘इस्किलार’मधील प्रवासाचे टप्पे कमी करावे, संवाद निम्म्यावर आणावे, ‘प्रवासी’तील चर्चांचा भाग दृश्यांत वाटून टाकावा, त्या नगरांचे वास्तुशिल्प त्याने बदामीच्या लेण्यांवरून घ्यावे की मरुभूमीतील किल्ल्यांवरून, हा त्याचा प्रश्न. परंतु या कथांत माणूस आपल्या नियतीला टाळण्यासाठी जे पाऊल उचलतो तेच त्याला तिच्या दाराशी नेते, हा जी. एं.चा दंडक त्याने कोणत्याही सुखान्तासाठी सैल करू नये. आणि ती पात्रे मराठीतच बोलावीत, आडवळणाच्या, संस्कृतप्रचुर, दीर्घ श्वासाच्या त्या मराठीत, कारण त्या नगरांना दगडविटांचा आधार नाही, ती ज्या वाक्यांत प्रथम उभी राहिली त्या वाक्यांखेरीज त्यांना दुसरा पाया नाही. असा चित्रपट कमी चालेल, बेळगाव, धारवाड, कोल्हापूर आणि पुणे एवढ्याच गावी चालेल कदाचित; तेवढ्या गावांतील वाचक त्याला पुरेसे आहेत, आणि त्यांनी वर्गणी काढूनही तो उभा करावा.